नारळी पौर्णिमेच्या आत

होड्या अजून वर ओढलेल्या, झापांखाली,
म्हणून देवगडच्या या कारखान्यात बर्फ नाही.
यंत्राच्या पट्ट्यावर मांजर निजलंय,
आणि मासे तोलायच्या काट्यावर
तारीशेटनी संघाची वही ठेवलीय.
काटा थरथरतो, चारशे ग्रॅमवर थांबतो.
"बोल रे स्कोअरर, लवूक ठेवया की सोडया?"

सौद्याच्या पलीकडे वेंगुर्ल्याचा आग्नेल फर्नांडिस.
वय बावीस. गेल्या मोसमात एकेचाळीस षटकार,
त्यातले सहा एकाच रात्री, फ्लडलाइटखाली,
एक तर थेट खाडीत. चेंडू सापडला नाही,
पंचांनी तरी सहाच दिले.
किंमत: तीस हजार, मोटारसायकलचं पेट्रोल,
आणि आमचा लवू कुबल.

माझ्याकडे अकरा मोसमांच्या वह्या आहेत,
खाऱ्या हवेनं शाई फुटलेल्या.
लवू: वय चौतीस, डाव्या गुडघ्यात पाणी,
सरासरी सलग तिसऱ्या वर्षी उतरलेली,
ओहोटी उतरते तशी, कुणाला न विचारता.
पण शेट, हा शेवटचा रकाना बघा,
मीच आखलेला, पेन्सिलीनं:
पहिल्या दोन षटकांत बाद
अकरा वर्षांत नऊ वेळा. फक्त नऊ.
आठ षटकांच्या सामन्यात दोन षटकं
म्हणजे पाव आयुष्य.

"षटकार सगळे मोजतत," शेट म्हणतात. "ह्यां कोण मोजता?"

मी मोजतो.
हेही मोजलंय की आपल्याकडे मारणारे चार आहेत,
टाकणारा एक, नझीर सोलकर, डावरा,
आणि तोही हल्ली रत्नागिरीवाल्यांशी
जेटीच्या टोकाला जाऊन फोनवर बोलतो,
तोंडावर हात धरून.
तीस हजार आधी त्याच्या खांद्यावर ठेवा.
पाचवा मारणारा घेऊन काय करू आपण?
दिवाळीनंतर वारा खाडीकडून फिरला
की निम्मे षटकार सीमेवर झेल होतात.
वेंगुर्ल्याला तेवढा वारा नाही.

शेट हसतात. त्यांना वाटतं मला लवूची दया येते.

दया नाही.
मलाही एकदा बदलून दिलं होतं.
मी यष्टिरक्षक, वय सव्वीस, बोटं तेव्हा सरळ.
आमच्या गावच्या संघाला काथ्याचं मॅटिंग हवं होतं,
या संघाकडे एक गुंडाळी जास्तीची होती.
मला कुणी सांगितलं नाही. टेम्पो आला,
मॅटिंग उतरलं, मी चढलो.
मॅटिंग सात वर्षं टिकलं. मी पाच.
आकड्यांनी सौदा त्यांचाच बरा.
पुढच्या मोसमात त्याच मॅटिंगवर उभा राहिलो, पाहुणा,
नाणेफेकीआधी वाकून हात लावून पाहिला.
जाड होतं. छान होतं.
मीही घेतलं असतं.

तेवढ्यात दारात लवू,
डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी, हातात जाळं विणायची सुई,
सुतळी मागायला आलेला.
वही बघतो, उघडं पान बघतो, आग्नेलचं नाव बघतो.
खालची ओळ शेटच्या अंगठ्याखाली.
"ह्यो? बरो मारता रे. तेका घेवाच."
"घेतलो तर खेळवचो खंय?" शेट विचारतात,
माझ्याकडे न बघता.
"माझ्या जागेर," लवू म्हणतो. "मी मागसून येतंय."
आणि सुतळी घेऊन निघून जातो,
पायरी उतरताना डावा पाय आधी,
चांगला पाय नंतर.

शेट वही उचलतात.
काटा शून्यावर येत नाही, वीस-पंचवीस ग्रॅमवर अडतो.
गंज आहे. कोळणी गेली कित्येक वर्षं
त्यावरून भांडतात.
शेट विडी पेटवतात, मांजर कूस बदलतं.

पुनवेला अजून अकरा दिवस.